लिंटियनने पास केलेला तंबोरा

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून फार लांब नसलेल्या एका गायनवर्गात तीन जुने संगणक आहेत. ते एका कार्यालयाने मोडीत काढलेले असल्यामुळे त्यांवर चालेल असे हलके काहीतरी हवे होते, म्हणून काही वर्षांपूर्वी मी त्यांवर डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणक-प्रणाली बसवून दिली आणि तेव्हापासून त्यांची देखभाल माझ्याकडेच राहिली. वर्गाच्या बाईंना त्यांवर तंबोरा वाजायला हवा होता. तसा प्रोग्राम माझ्या एका वर्गमित्राने पूर्वी लिहिलेला होता. मिरजेतल्याच एका कारागिराच्या तंबोऱ्याच्या चारही तारांची वेगवेगळी ध्वनिमुद्रणे घेऊन तो ती हव्या त्या पट्टीत आणि हव्या त्या लयीत छेडतो, आणि पहिली तार पंचमात ठेवायची की मध्यमात हेही निवडू देतो. मी तो तिन्ही संगणकांवर हाताने कंपाइल करून बसवला होता. डेबियनची नवी आवृत्ती आली की तो बंद पडायचा, बाईंचा फोन यायचा आणि मी सांगलीहून, विश्रामबागेतून बस पकडून मिरजेला जायचो. अशा तिसऱ्या खेपेनंतर मी ठरवले की हा प्रोग्राम डेबियनच्या भांडारातच नेऊन ठेवावा, म्हणजे तिथून प्रोग्राम आणून बसवणाऱ्या ‘ॲप्ट’ला एक आज्ञा दिली की काम झाले. हे दोन शनिवार-रविवारांचे काम आहे असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्याला आठ महिने लागले, आणि त्यांतला बराच काळ मी एका तपासणी करणाऱ्या प्रोग्रामशी भांडण्यात घालवला.

त्या प्रोग्रामचे नाव लिंटियन. डेबियन १९९३ साली सुरू झाले, १९९७ साली त्याने आपला सामाजिक करार आणि मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि पॅकेजे, म्हणजे भांडारात ठेवण्यासाठी बांधलेले प्रोग्राम, त्या तत्त्वांना व पॅकेजांचे नियम सांगणाऱ्या धोरण-पुस्तिकेला धरून आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी १९९८ पासून लिंटियन वापरात आहे. धोरण-पुस्तिका ‘केलेच पाहिजे’, ‘करावे’ आणि ‘करता येईल’ या तीन क्रियापदांमध्ये काटेकोर भेद करते, आणि पहिल्या प्रकारचा नियम मोडणारे पॅकेज त्या दोषासह पुढच्या स्थिर आवृत्तीत जाऊ शकत नाही. लिंटियनच्या पायऱ्याही साधारण तशाच आहेत: काही गोष्टींना तो चूक म्हणतो, काहींना इशारा, काहींची नुसती माहिती देतो, आणि मुद्दाम मागितले तर किरकिऱ्या तपासनिसाचे बारीकसारीक शेरेही ऐकवतो.

माझे पॅकेज पहिल्यांदा तयार झाले त्या रात्री लिंटियनने चार चुका आणि अकरा इशारे दाखवले. मला राग आला, कारण प्रोग्राम तर व्यवस्थित वाजत होता.

पहिली चूक अशी होती की प्रोग्राम आपल्या फायली ‘यूएसआर-लोकल’ या डिरेक्टरीत ठेवत होता. ही जागा त्या संगणकाच्या व्यवस्थापकाची असते. तिथे त्याने स्वतः बसवलेल्या वस्तू राहतात आणि डेबियनच्या पॅकेजने तिथे फाईल ठेवायची नसते, नाहीतर एखाद्या अद्ययावतीकरणात व्यवस्थापकाचीच फाईल झाकली जायची. मी स्वतः वर्गातल्या संगणकांवर त्याच डिरेक्टरीत चार स्क्रिप्टा ठेवलेल्या होत्या, त्यामुळे यावर वाद घालण्याची मला सोय नव्हती. मेकफाईलमधली, म्हणजे प्रोग्राम बांधण्याच्या सूचनांच्या फायलीतली, एक ओळ बदलून ती चूक गेली. दुसरी चूक झेडलिबची होती. वर्गमित्राने ध्वनिमुद्रणांचा आकार कमी करण्यासाठी झेडलिब या लायब्ररीची, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडसंग्रहाची, एक जुनी प्रत प्रोग्रामच्या पोटातच कोंबलेली होती. २००२ साली झेडलिबमध्ये स्मृतीचा तोच भाग दोनदा मोकळा करण्याचा दोष सापडला, तेव्हा ज्यांनी ज्यांनी तिची प्रत आपल्या पोटात बाळगली होती ती सगळी सॉफ्टवेअरे शोधून शोधून पुन्हा बांधावी लागली होती. लायब्ररी एकच आणि सामाईक असेल तर ती एका जागी दुरुस्त होते. ही प्रत काढून सामाईक लायब्ररी जोडायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि त्या वाया गेल्या असे मी म्हणणार नाही.

तिसरी चूक ऐकून माझा वर्गमित्र फोनवर मोठ्याने हसला. प्रोग्रामच्या एचटीएमएल माहितीपुस्तिकेत थोडी जावास्क्रिप्ट होती, ती आखडून लहान करण्यासाठी त्याने जेएसमिन नावाच्या एका छोट्या साधनाचा सी भाषेतला स्रोत सोबत ठेवला होता, आणि त्या साधनाच्या परवान्यात एक वाक्य आहे: हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावे, वाईट कामासाठी वापरू नये. वाक्याचा हेतू सज्जनपणाचाच आहे. परंतु मार्गदर्शक तत्त्वांतले सहावे कलम सांगते की कोणत्याही कार्यक्षेत्राविरुद्ध भेदभाव करणारा परवाना मुक्त नाही, आणि चांगले काम कोणते हे परवाना देणाऱ्याने ठरवायचे म्हटले तर वापरणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. लिंटियनमध्ये नेमके याच वाक्यासाठी वेगळे निदान लिहिलेले आहे. शब्द ठरलेले असल्यामुळे यंत्राला ते ओळखायला अडचण येत नाही. मी ते साधन काढून टाकले आणि जावास्क्रिप्ट न आखडता तशीच ठेवली.

येथवर मी यंत्राचा शिष्य झालो होतो. मग लोभ सुटला. उरलेले इशारेही शून्यावर आणायचे आणि स्वच्छ अहवाल पाहायचा, एवढेच ध्येय डोळ्यांपुढे राहिले. एक इशारा असा होता की आज्ञेसोबत तिचा वापर सांगणारे मॅन्युअल पान नाही. मी एक पान तयार केले, त्यात प्रोग्रामचे नाव, ‘तंबोरा वाजवतो’ असे एक वाक्य आणि वर्गमित्राचे नाव, एवढेच घातले. इशारा गेला. पाटी पाढ्यांनी भरली आहे एवढेच पाहणाऱ्या मास्तरांना मुले जशी पाटी दाखवतात, तसा तो प्रकार होता, आणि ते मला त्या वेळी जाणवलेही नाही.

चौथी चूक मात्र मला मान्य होण्यासारखी नव्हती. लिंटियनचे म्हणणे असे होते की माहितीपुस्तिकेच्या एका पानाचा मूळ स्रोत पॅकेजमध्ये नाही. यंत्राने निर्माण केलेल्या किंवा आखडलेल्या फायलींमध्ये ओळी फार लांब असतात, या अनुभवावर ते निदान बेतलेले होते. ओळ पाचशे बारा अक्षरांपलीकडे गेली की माझ्याकडच्या आवृत्तीला संशय यायचा. ते पान मी स्वतः मराठीत लिहिले होते. तारा लावण्याची रीत त्यात सांगितलेली होती, आणि मी प्रत्येक परिच्छेद एकाच ओळीत टंकलेला होता. लांब वाक्ये लिहिण्याची माझी खोड घरच्यांना ठाऊक आहे; पण त्यामुळे मी मनुष्य नसून यंत्र असल्याचा संशय यापूर्वी कोणी घेतला नव्हता.

ओळी तोडून टाकल्या असत्या तर दोन मिनिटांत प्रश्न मिटला असता. तरी ते करावेसे वाटेना, कारण फाईलमध्ये दोष नव्हता आणि केवळ तपासणाऱ्याच्या समाधानासाठी ती बदलायची म्हणजे मॅन्युअल पानाचाच प्रकार पुन्हा करायचा. लिंटियनमध्ये अशा प्रसंगासाठी अपवाद नोंदवण्याची सोय आहे. पॅकेजमध्येच एका फायलीत ते निदान लिहायचे, वर कारणाची टीप द्यायची, आणि यंत्र त्यानंतर तो मुद्दा आडवा आणत नाही. मी लिहिले की हे पान हाताने लिहिलेले आहे, हेच त्याचे मूळ आहे आणि संपादन करायचे तर याच फायलीत करावे. आठ महिन्यांत मी जे काही लिहिले त्यात ही टीप मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

मात्र सगळ्याच चुकांना अपवाद नोंदवता येत नाही. २००९ साली डेबियनच्या भांडाराची व्यवस्था पाहणाऱ्या चमूने लिंटियनच्या निवडक निदानांवरून पॅकेज आपोआप नाकारायला सुरुवात केली, तेव्हाच त्या निदानांच्या दोन याद्या केल्या. एका यादीतले निदान पॅकेज करणाऱ्याने अपवाद नोंदवून मोकळे करता येते. दुसऱ्या यादीतल्या निदानाला असा अपवाद चालत नाही. दोष दुरुस्त करा आणि मग या. लिंटियन सांगतो त्यातल्या बहुतेक गोष्टी या दोन्ही याद्यांत नाहीत, आणि त्यांच्यासाठी दार बंद होत नाही. ही रचना पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती धरसोडीची वाटली होती. नियम आहे तर तो सगळीकडे सारखा का लावत नाहीत, असे मी पुण्यातल्या एका डेबियन विकसक बाईंना लिहिलेही. भांडारात थेट अपलोड करण्याचा अधिकार माझ्यासारख्या नवख्याला नसतो. अधिकार असलेल्या विकसकाने पॅकेज तपासून आपल्या सहीने पाठवावे लागते, आणि या बाईंनी ते काम स्वीकारले होते. त्यांनी उत्तर एका ओळीत दिले: ‘‘आधी तुमचे पॅकेज पाठवा, मग बोलू.’’

पाठवले तेव्हा अहवालात एकही चूक नव्हती आणि एकही इशारा नव्हता. दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले. मॅन्युअल पानाबद्दल त्यांनी जे लिहिले ते मी येथे देत नाही. शेवटी एक प्रश्न होता: ‘‘ध्वनिमुद्रणांच्या फोल्डरमध्ये ‘वाचा’ नावाची फाईल आहे, ती तुम्ही वाचलीत का?’’

मी वाचली नव्हती. वर्षानुवर्षे ती माझ्या डोळ्यांसमोर होती. वर्गमित्राने कारागिराकडून ध्वनिमुद्रणे आणली तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या त्या चार ओळी होत्या: ही ध्वनिमुद्रणे रियाजासाठी आहेत, विक्रीच्या वस्तूत वापरू नयेत. मार्गदर्शक तत्त्वांचे पहिलेच कलम विक्रीला आडकाठी करू देत नाही, म्हणजे प्रोग्रामचा अर्धा जीव ज्या ध्वनिमुद्रणांत होता ती मुक्त नव्हती. आणि मी परवान्याच्या फायलीत, ठरवून दिलेल्या नमुन्यात, एका तारांकित ओळीने सगळ्याच फायली जीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्याचे जाहीर करून मोकळा झालो होतो. नमुना बिनचूक होता, म्हणून लिंटियनला बोलायला जागा नव्हती. जेएसमिनचे इंग्रजी वाक्य त्याला ओळखता आले, कारण ते कोणीतरी त्याला आधी शिकवलेले होते. मराठीतल्या या चार ओळी त्याच्या लेखी नुसता मजकूर होत्या. ज्या दिवशी माझा अहवाल सर्वांत स्वच्छ होता, त्याच दिवशी पॅकेज सर्वांत मोठा नियम मोडत होते.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. पॅकेज डेबियनच्या अमुक्त विभागात टाकायचे, जो डेबियनचा अधिकृत भाग मानला जात नाही, किंवा कारागिरांकडे जाऊन परवानगी बदलून घ्यायची. मी मिरजेची बस धरली.

त्या कारागिरांना, आमच्या चाचांना, मी लहानपणापासून पाहत आलो आहे. भोपळे टांगलेल्या त्या खोलीत बसून मुक्त परवाना म्हणजे काय हे समजावणे मला पुण्याच्या बाईंच्या प्रश्नांपेक्षा अवघड जाईल असे वाटत होते.

‘‘म्हणजे कुणी हे विकलं तर चालेल असं लिहून द्यायचं?’’ त्यांनी विचारले.

‘‘हो चाचा. पण तुमचं नाव त्यातून काढता येणार नाही, आणि कुणी त्यात फेरफार करून वाटलं तर त्यानंही याच अटीवर वाटायचं.’’

‘‘मग त्यात काय एवढं? तंबोरा नेणारा गवई मैफलीचे किती घेतो ते आम्ही कधी विचारलंय का? तेव्हा तुझ्या मित्रानं विचारलं, विकू द्यायचं का, म्हणून नको म्हटलं. नाव राहणार असेल तर राहू दे की.’’

क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश आणि समान-वाटपाचा ४.० क्रमांकाचा परवाना मी त्यांना मराठीत वाचून दाखवला. सही करण्यापूर्वी त्यांनी माझ्या फोनवर जुनी ध्वनिमुद्रणे ऐकायला मागितली, आणि दुसरी तार वाजताच तोंड वाकडे केले. या तारेची जवारी (घोडीवरून तारेला येणारा घुमारा) लागलेली नाही, हे माझ्या नावावर जगभर पाठवणार असशील तर पुन्हा रेकॉर्ड कर, असे त्यांनी बजावले. त्यांचा नातू फोनवरचे ट्यूनरचे ॲप लावून बसला. तार षड्जात अचूक होती, दिवा हिरवा लागत होता, आणि तरीही चाचा कानस घेऊन घोडीवर हलकेच फिरवत होते, तारेखालचे सूत केसभर पुढे-मागे सरकवत होते, पुन्हा छेडत होते. नातू दर वेळी ‘‘बरोबर आहे’’ म्हणायचा. दर वेळी ते खरेच होते. त्यांनी मान हलवली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता, आणि त्या अवधीत दिवा एकदाही लाल झाला नव्हता. आधीची आणि नंतरची तार शेजारी शेजारी ऐकवली तर माझ्यासारख्या सुराचा कान नसलेल्यालाही फरक कळतो.

सांगलीला परतताना माझ्या मनात आलेले विचार पुढे मी पुण्याच्या बाईंना सविस्तर लिहिले. तपासणी किती कडक असावी हे नियम किती मोठा आहे यावरून ठरवायचे, असा माझा आधीचा ग्रह होता. मोठ्या नियमाला कडक यंत्र आणि छोट्या नियमाला सौम्य. आता मला वाटते की यंत्राची कडकाई त्याला उत्तर किती खात्रीने कळते यावर बेतावी. ‘यूएसआर-लोकल’मध्ये फाईल आहे की नाही, याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच आहे, तिथे यंत्राने दार लावून घ्यावे आणि कोणाची गय करू नये, अगदी नियम किरकोळ वाटला तरी. ओळ लांब आहे म्हणून स्रोत गहाळ असावा, हा तर्क आहे. तर्क करणाऱ्याने सांगावे, अडवू नये. आणि परवाना खरा आहे का, हा सर्वांत मोठा नियम, यंत्राला बहुतेक वेळा कळतच नाही. तिथे कडक यंत्र ठेवले तर माझ्यासारखा मनुष्य त्याच्या होकारावर विसंबून ‘वाचा’ नावाची फाईल वाचत नाही. दोन याद्यांची ती २००९ची रचना मला आता धरसोडीची वाटत नाही. उलट पहिल्या यादीतल्या अपवादाबरोबर कारण लिहिणे सक्तीचे करावे, एवढीच माझी तक्रार उरली आहे. बाईंचे मत थोडे वेगळे आहे. सक्ती केली की लोक कारणाच्या जागी ‘आवश्यक’ असे लिहितील, जसे मी मॅन्युअल पान लिहिले होते, असे त्यांनी मला ऐकवले, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फेडोरा या डेबियनसारख्याच दुसऱ्या प्रणालीत पॅकेज पारखणाऱ्या माणसाने आरपीएमलिंट हा तिथला तपासणीचा प्रोग्राम चालवलेच पाहिजे असा नियम आहे, पण त्याचा अहवाल वाचून निर्णय द्यायचा तो त्या माणसानेच. तीही एक रीत आहे, आणि पारखायला पुरेशी माणसे असतील तोवर ती मला अधिक पसंत पडेल.

नव्या ध्वनिमुद्रणांसह, सुधारलेल्या परवाना-फायलीसह आणि खरोखरीच्या दोन पानी मॅन्युअलसह पॅकेज बाईंनी अपलोड केले. पहिल्यांदाच येणारे पॅकेज भांडाराच्या चमूतली माणसे स्वतः उघडून पाहतात आणि त्या रांगेत थांबावे लागते. त्या थांबण्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. ते स्वीकारले गेल्यावर मी वर्गाच्या बाईंना कळवूनही टाकले आणि मग पाहिले तर पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये, म्हणजे पुढची स्थिर आवृत्ती जिथे घडते त्या विभागात, सरकेना. पहिल्यांदा येणाऱ्या पॅकेजांच्या रांगेसाठी स्रोतासोबत बांधलेले (कंपाइल केलेले) पॅकेजही पाठवावे लागते, आणि २०१९ पासूनचा नियम असा की माणसाने आपल्या संगणकावर बांधलेले पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये जात नाही, डेबियनच्या स्वतःच्या यंत्रांनी ते स्रोतापासून बांधलेले असले पाहिजे. म्हणजे आवृत्तीचा आकडा वाढवून नुसता स्रोत पुन्हा पाठवायचा. त्रासाचे आहे, पण येथे यंत्राला उत्तर पक्के ठाऊक असते आणि माझ्या संगणकात काय दडले आहे हे जगाला ठाऊक नसते, त्यामुळे या कडकपणाबद्दल मला काही म्हणायचे नाही.

त्या यंत्रांपैकी एकावर, आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी असलेल्या एस-३९०-एक्सवर, पॅकेजची चाचणी नापास झाली. त्या संगणकात अंकांच्या बाइट उलट्या क्रमाने ठेवतात आणि वर्गमित्राने ध्वनिमुद्रणाची फाईल थेट स्मृतीत वाचली होती, त्यामुळे तिथे तंबोऱ्याऐवजी नुसती खरखर निघत होती. मेनफ्रेमवर रियाज करणारा गवई अजून जन्मायचा आहे. पॅकेज तिथे पूर्वी कधी बांधलेच गेले नव्हते, म्हणून नियमाने ते अडवले नाही. पूर्वी बांधले जात असते आणि आता मोडले असते तर अडवले असते. वर्गमित्राने तरीही दोष दुरुस्त केला, कारण आपला तंबोरा कुठेतरी खरखरतो ही कल्पना त्याला सहन होईना.

गेल्या महिन्यात वर्गातल्या तिन्ही संगणकांवर मी एकेक आज्ञा देऊन पॅकेज बसवले. बाईंनी काळी चारची पट्टी लावून पाहिली आणि तारा जुन्यापेक्षा बऱ्या बोलतात असे म्हणाल्या. त्याच आठवड्यात पॅकेजची पुढची आवृत्ती तयार करताना लिंटियनने एक नवी सूचना दाखवली. त्याच्या नव्या आवृत्तीत एचटीएमएलच्या लांब ओळींवरून संशय घेणे बंद झालेले होते, त्यामुळे मी नोंदवलेला अपवाद आता कशालाच लागू पडत नाही, तो काढून टाकावा, असे त्याचे म्हणणे होते. मी तो काढला. वरची टीप मात्र कापून माहितीपुस्तिकेच्या त्याच पानाच्या शेवटी नेऊन ठेवली आहे: हे पान हाताने लिहिलेले आहे, बदल करायचा तर येथेच करावा.